मुलीला मुस्लिम कायदा शिकायचाय, बाबांना तिचं डोकं वळवायचंय

प्रश्न: मुलगी लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला चौथ्या वर्षात, ६१ टक्के. एलएलएमला, म्हणजे लॉच्या पुढच्या डिग्रीला, मुस्लिम पर्सनल लॉ घेणार म्हणते. आम्ही हिंदू, आपल्याला त्या हातपाय तोडणाऱ्या शरियाशी काय देणंघेणं? इंटर्नशिपमध्ये कुठल्यातरी विधवेची वाटणीची केस बघितली तेव्हापासून हे खूळ. तिने लावलेला उर्दूचा क्लास मी बंद केला. तिने जज व्हावं. तिला कसं समजवायचं?

उत्तर: पत्र दोनदा वाचलं. मार्कांची मला काळजी नाही वाटली, ६१ टक्क्यांत काही बिघडत नाही. काळजी वाटली ती "क्लास मी बंद केला" या वाक्याची. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, उद्या कोर्टात दुसऱ्यांच्या हक्कासाठी उभी राहणार आणि घरात तिने कुठली भाषा शिकायची ते तुम्ही ठरवणार? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आलंय आणि त्यालाही तुम्ही खूळ म्हणालात. मला तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एक केस बघून ज्याला विषय सापडतो तो माणूस त्यात टिकतो, मी हे बरेचदा पाहिलंय.

आता ती विधवा. मुस्लिम वारसाहक्कात हिस्से ठरलेले असतात, नवरा गेला आणि मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. हे नीट माहीत नसलेला वकील मिळाला तर त्या बाईचा हिस्सा बुडतो. तुमच्या मुलीला हे दिसलं असणार.

आणि "हातपाय तोडणारा कायदा" हा गैरसमज आधी काढा. भारतात इस्लामी फौजदारी कायदा चालतच नाही, चोरी-खुनाला सगळ्यांना एकच कायदा. १९३७ च्या शरियत कायद्याने जे लागू होतं ते लग्न, तलाक, मेहर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), वारसा, वक्फ (धर्मकार्याला वाहिलेली मालमत्ता) असलं, त्यातूनही शेतजमीन वगळलेली. मुळात शरिया म्हणजे एक छापील पुस्तक नाहीये. कुराण आणि पैगंबरांची सुन्ना, म्हणजे त्यांचं वागणं-बोलणं, यातून विद्वानांनी जो अर्थ लावला त्याला फिक्ह म्हणतात, आणि त्यात एकमत नसतं, सुन्नींच्याच हनफी, मालिकी, शाफई, हंबली अशा चार परंपरा, शियांची जाफरी वेगळी. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, बाकी भारतात जास्त करून हनफी. सामान्य मुसलमानाच्या रोजच्या जगण्यात शरिया येते ती नमाज, रोजा, जकात म्हणजे सक्तीचं दान, उधारी-व्यवहार, काय हलाल (चालणारं) काय हराम (निषिद्ध) यातून, आणि प्रत्येक गोष्ट फर्ज (करायलाच हवी अशी) किंवा हराम नसते, मधे चांगलं, चालेल, टाळलेलं बरं अशाही पायऱ्या आहेत. मुफ्तीचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराचा, फतवा म्हणजे मत, त्याला कायद्याचं बळ नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि हा कायदा बदलत नाही असंही नाही, हनफी मतात बायकोला कोर्टातून फारकत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं तेव्हा १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा करताना मालिकी मताचा आधार घेतला गेला. याच सगळ्याचा अभ्यास तिला करायचाय.

"आम्ही हिंदू" म्हणाल तर मुस्लिम कायद्यावरचं जे पुस्तक आपल्या कोर्टात पिढ्यानपिढ्या उघडलं जातं ते लिहिणारे दिनशा मुल्ला पारशी होते.

जज व्हायची परीक्षा एमपीएससी घेते, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी तीन वर्षं वकिलीची अट परत आणलीय, त्यामुळे डिग्री हातात पडली की लगेच परीक्षा हा तुमचा हिशोब तसाही जमत नाही. शिकवायचं झालं तर एलएलएमनंतर नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा.

तिलाही एक सांगायचंय. उर्दू चांगलीच, पण मूळ ग्रंथ अरबीत आहेत, थोडी अरबी लागेल. आणि सिव्हिल प्रोसिजर, म्हणजे दिवाणी दावा चालवायची पद्धत, कच्ची ठेवू नकोस, हिस्सा माहीत असून दावाच नीट लावता आला नाही तर त्या बाईला काय उपयोग?

तुम्हाला मी मुलीला समजवायचा उपाय देणार नाहीये. आज संध्याकाळी तिला त्या केसबद्दल विचारा, मधे न बोलता ऐका. क्लास उद्यापासून सुरू करा. आणि मला पुढचं पत्र तिला लिहू द्या.