मित्राच्या सॅकमध्ये 300 ग्रॅम गांजा सापडला. दहा वर्षं आत जातो म्हणतात, खरं का?

नाही, 300 ग्रॅमला जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 20 मध्ये गांजाची शिक्षा वजनावर ठरते आणि 1 किलोपर्यंतचा माल 'अल्प प्रमाण' मानला जातो. तुम्ही ऐकलेली दहा वर्षं पुढच्या पायऱ्यांची:

- 1 ते 20 किलो: दहा वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड
- 20 किलोच्या वर: किमान दहा, कमाल वीस वर्षं. इथे कलम 37 मुळे जामीनही महाकठीण.

वकिलाला आधी पंचनामा वाचायला सांगा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. 'राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती झाली नाही' हा बचाव चार जण सुचवतीलच, पण कलम 50 अंगझडतीपुरतं आहे, सॅकला लागू होत नाही.

मात्र हे आकडे फक्त गांजाचे. चरसला अल्प प्रमाणाची मर्यादा 100 ग्रॅम आहे, हेरॉईनला अवघी 5.