पेशी दोन का होते?

प्रश्न : पेशी नुसती वाढतच का जात नाही? तिला विभागावं का लागतं?

उत्तर : गोलाचा व्यास दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो, पण आकारमान आठपट! पेशीला पोषण मिळतं ते पृष्ठभागातूनच. फार फुगली, तर आतल्या भागाला ते पुरणार कसं? शिवाय नवी वाढ आणि झीज भरून काढणं, दोन्हींसाठी नव्या पेशी लागतातच.

विभागण्याआधी डीएनएची पूर्ण नक्कल होते. माणसाच्या पेशीत तो ४६ गुणसूत्रांत, म्हणजे डीएनएच्या गुंडाळलेल्या धाग्यांत, असतो. वनस्पतीच्या मुळाच्या रंगवलेल्या टोकात, सूक्ष्मदर्शकाखाली, विभागणाऱ्या पेशीतली गुणसूत्रं मध्यावर ओळीनं उभी दिसली की मी अजूनही श्वास रोखून बघत राहते. बहुतेक चेतापेशी मात्र प्रौढपणी विभागत नाहीत, म्हणून मेंदूची इजा सहज भरून येत नाही.