घरात पिढ्यांची वैद्यकी आहे पण मी सायन्सवाला, ती पुढे चालवावी का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा आता थकलेत, औषधांची वही तुमच्या हातात आलीय, पण सायन्स शिकल्यामुळे मन घेत नाही. मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, करून बाबांच्याच दवाखान्यात बसते, त्यामुळे हा घोळ रोजचाच आहे.

कायद्याचं आधी उरकू. नुसत्या घराण्याच्या नावावर प्रॅक्टिस करता येत नाही, 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्या, साडेपाच वर्षं बीएएमएस करा, मग रजिस्ट्रेशन. स्वतःच्या पेशंटपुरतं औषध वैद्याला बनवता येतं, पण लेबल लावून दुकानात विकायचं तर लायसन्स लागतं.

आता वही. त्यातल्या कृती जशाच्या तशा जपा, गुण आल्याच्या गोष्टी मात्र जरा संशयानेच वाचा. आमचे आजोबा बिबे शुद्ध करताना हाताला खोबरेल चोपडून ते विटेच्या चुऱ्यात घोळायचे, लहानपणी वाटायचं काय हे सोपस्कार, पण बिब्याच्या तेलातल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांनी कातडीवर फोड उठतात आणि विटेचा चुरा ते तेल शोषून घेतो, म्हणजे त्यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही. गुणाचं तसं नाही हो. ज्याला बरं वाटलं तो पेढे घेऊन आला, ज्याला नाही वाटलं तो गपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, त्याची नोंद कुठल्या वहीत असणार? म्हणून मी न आलेल्या पेशंटला स्वतः फोन करते, आणि औषध लांबवर चालणार असेल तर आधी-नंतर रक्त तपासून लिव्हर आणि किडनी (क्रिएटिनिन) बघून घेते. बाबा कुरकुरतात, म्हणतात लोक माझ्याकडे नाडी दाखवायला येतात, रक्त द्यायला नाही.

सर्पगंधा ही वनस्पती बघा ना. वैद्य ती कधीपासून वापरत होते, पण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील या डॉक्टरांनी बीपीच्या पेशंटवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये छापले तेव्हा बाहेरच्या जगाने दखल घेतली. मग तिच्यातून रिसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि सुस्ती, नाक चोंदणं हे त्याचे साइड इफेक्टही नोंदले गेले.

छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं तर मी काढा देत नाही, सरळ ईसीजीला पाठवते, यात घराण्याची कसली आलीय बेअब्रू.

आणि कॉलेजची वाट न बघता आत्ताच आजोबांच्या शेजारी बसून एकेक औषध करायला शिका. वहीत 'मंद आचेवर' एवढंच असतं, आच किती आणि खाली कधी उतरवायचं ते त्यांनाच माहिती.