सेपेआच्या चार जाती दोनच कशा उरल्या?

प्रश्न : जुन्या पुस्तकात सेपेआ या गोगलगायींच्या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, जीनस) चार जाती आहेत, नव्या यादीत दोनच. उरलेल्या दोन नामशेष झाल्या का?

उत्तर : नाही, त्या युरोपात आजही आहेत, फक्त त्यांची प्रजाती बदलली. हेल्ड या अभ्यासकाने १८३८मध्ये सेपेआ ही प्रजाती मांडली. पुढे पट्टेदार, गोलसर शंख या सारखेपणावरून चार जाती तिच्यात एकत्र राहिल्या. २०१५मध्ये नायबर आणि हाउसडॉर्फ या संशोधकांनी डीएनए तपासला, तेव्हा त्या एकाच पूर्वजाच्या शाखेतल्या नाहीत असं दिसलं. म्हणून विंडोबोनेन्सिस ही जात कॉकेसोटॅकिया या प्रजातीत गेली, सिल्व्हॅटिका ही मॅक्युलॅरियात. नेमोरॅलिस ही सेपेआची आदर्श जाती (प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती), त्यामुळे ते नाव तिच्याकडेच राहिलं. सोबत तिची जवळची नातलग हॉर्टेन्सिस. कुल, म्हणजे प्रजातींच्या वरचा गट, मात्र चौघींचंही हेलिसिडीच.

प्रश्न : मग या दोघी ओळखायच्या कशा? ओठाच्या रंगावरून चालेल?

उत्तर : बहुतेक वेळा चालेल. नेमोरॅलिसचा ओठ, म्हणजे शंखाच्या तोंडाची जाड कडा, गडद तपकिरी, हॉर्टेन्सिसचा पांढरा. शिवाय नेमोरॅलिस जरा मोठी. पण पांढऱ्या ओठाची नेमोरॅलिस आढळते आणि क्वचित गडद ओठाची हॉर्टेन्सिसही. पिल्लांना तर ओठच नसतो, कडा पातळ आणि धारदार असते; अशा शंखाला नाव देऊच नये. पिवळा, गुलाबी की तपकिरी, पट्टे किती, यावरूनही जात ठरत नाही. दोन्हींत हे सगळे रंग येतात, पट्टे शून्यापासून पाचपर्यंत. पट्ट्यांना वरून खाली १ ते ५ क्रमांक देतात, नसलेल्या पट्ट्याच्या जागी शून्य: फक्त मधला असेल तर ००३००, जोडले गेलेले कंसात, जसे (१२३)(४५). ही नोंद आनुवंशिकतेच्या अभ्यासाला फार मोलाची, ओळखीला निरुपयोगी.

शंका उरली तर विच्छेदन करावं. या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि मीलनावेळी जोडीदाराला चुन्याचा बारीक बाण टोचतात. नेमोरॅलिसच्या बाणाची चारही पाती साधी. हॉर्टेन्सिसची प्रत्येक कडेला दुभंगलेली. बाणाची पिशवी रिकामी निघाली तर बाण नुकताच वापरला गेला असेल किंवा प्राणी अजून प्रौढ नसेल. तेव्हा शेजारच्या श्लेष्मग्रंथी (चिकट स्राव तयार करणाऱ्या) पाहाव्यात: नेमोरॅलिसमध्ये प्रत्येक ग्रंथीला तीन किंवा कमी फाटे, हॉर्टेन्सिसमध्ये चार किंवा जास्त.

प्रश्न : नमुना थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर शरीर आक्रसून आत जातं. काय करावं?

उत्तर : उकळून थंड केलेल्या पाण्याने बरणी काठोकाठ भरावी, त्यात गोगलगाय ठेवून हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावावं. रात्रभरात शरीर पसरलेलं राहतं. मग ती ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. डीएनए काढायचा असेल तर पायाचा तुकडा वेगळा काढून ९५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो.