भूमिका बदलणारा उमेदवार अप्रामाणिक समजावा का?

नाही, केवळ भूमिका बदलली म्हणून उमेदवार अप्रामाणिक ठरत नाही. आपण पूर्वी काय म्हटले होते हे तो मान्य करतो का आणि बदलाचे कारण उघडपणे सांगतो का, हे पाहावे. ब्रिटनमध्ये धान्यावरील आयातकराच्या समर्थक पक्षाचे नेते म्हणून १८४१ मध्ये सत्तेवर आलेल्या रॉबर्ट पील यांनी १८४६ मध्ये आपले मत बदलल्याचे संसदेत सांगून तो कायदा रद्द करवला. त्यात पक्ष फुटला आणि त्यांचे पंतप्रधानपदही गेले. निव्वळ संधिसाधू माणूस एवढी किंमत सहसा मोजत नाही. मात्र दिसणारी प्रत्येक कोलांटउडी खरी असतेच असे नाही: २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील उमेदवार जॉन केरी यांनी ८७ अब्ज डॉलरच्या युद्धखर्चाला आधी पाठिंबा आणि मग विरोध केल्याचे सांगितल्यावर त्यांची भरपूर थट्टा झाली, परंतु ती दोन मतदाने दोन वेगळ्या प्रस्तावांवर होती, आणि पहिल्यात हा पैसा श्रीमंतांची करसवलत कमी करून उभा करायचा होता. म्हणून मूळ प्रस्ताव वाचल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, हे थोडे कंटाळवाणे असले तरी.