वाचकांचे प्रश्न : आपल्याच सिनेमाला नावे ठेवायची का?

प्रश्न : मी खानापूर येथील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि गेली तीन वर्षे इंटरनेटवर चित्रपटांविषयी लिहिते. गेल्या महिन्यात एका मराठी चित्रपटाचा उत्तरार्ध फसला आहे असे मी लिहिले, तेव्हा ओळखीच्या लोकांनीच मला सुनावले की, आधीच बेळगावात मराठी चित्रपटाला पुरेसे खेळ मिळत नाहीत, त्यात तुम्ही आपल्याच माणसांना नावे ठेवता. सीमाभागात राहून मराठी चित्रपटाची समीक्षा थोडी हात राखून करावी का?
(शिक्षिका, खानापूर)

उत्तर : हात राखून केलेली समीक्षा वाचकाला लगेच ओळखू येते, आणि एकदा ती ओळखू आली की पुढे आपण मनापासून केलेली स्तुतीही त्याच खात्यात जमा होते. आपल्या ओळखीच्यांची चीड मात्र मला समजते. एखाद्या मराठी चित्रपटाला दुपारचा एकच खेळ मिळतो आणि नोकरदार प्रेक्षक रविवारी सवड काढून पोहोचेपर्यंत तोही उतरलेला असतो, तेव्हा राग येणारच. ती बातमी आहे. ती स्वतंत्रपणे लिहावी, कोणत्या थिएटरमध्ये, किती वाजता, किती दिवस आणि किती खुर्च्या भरलेल्या असताना, हे सारे नोंदवून लिहावी. पण खेळ न मिळणे हा काही चित्रपटाचा गुण नव्हे.

आपला लेख माझ्यासमोर नाही. तरी ‘उत्तरार्ध फसला’ एवढेच लिहिले असेल, तर तो निकाल झाला, आणि निकालावर माणसे भांडतातच. कोणत्या प्रसंगापासून आपले लक्ष उडाले, त्या प्रसंगात पात्र काय बोलले आणि काय बोलायला हवे होते, हे दाखवले की वाद घालणाऱ्यालाही त्या प्रसंगाविषयीच बोलावे लागते.

येथे सीमाभागातल्या लेखकाकडे जे भांडवल आहे, ते पुण्या-मुंबईकडील पुष्कळांकडे नाही. २०१६ साली आलेल्या ‘सैराट’चे कन्नड रूप ‘मनसु मल्लिगे’ पुढच्याच वर्षी आले आणि दोन्हींत नायिका रिंकू राजगुरूच होती. ‘सैराट’च्या अखेरीस आवाज काढून घेतला जातो आणि रक्ताने माखलेली लहान पावले घराबाहेर उमटत जातात, त्या शांततेविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. पण तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत गेल्यावर जातीची उतरंड कोणत्या शब्दांतून कळते, नायकाशी बोलताना गावातली माणसे कोणत्या क्षणी एकेरीवर येतात, बुलेट चालवणारी मुलगी तिथेही तितकीच डोळ्यांत खुपते का, हे दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाने लिहायला हवे. आपण ते लिहू शकता.

बोलीचेही तसेच आहे. पात्र बेळगावचे आहे हे ठसवण्यासाठी काही संवादलेखक त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘की’ चिकटवतात. आपल्याकडे ‘बस की’, ‘जेव की’ म्हणतात हे खरे. पण त्या ‘की’त आग्रह असतो, लाड असतो, कधी वैतागही असतो. तो सरसकट लावला की ते पात्र बेळगावचे न राहता बेळगावची नक्कल करणाऱ्याचे होते. (माझ्या घरी अशा संवादांवर जेवढे हसणे होते, तेवढे विनोदी प्रसंगांवरही होत नाही.) असे एक वाक्य उचलून त्याची चूक उलगडून दाखवलीत, तर त्याला कोणी ‘आपल्या माणसांना नावे ठेवणे’ म्हणेल असे वाटत नाही.

प्रश्न : वाचक लेख न वाचता फक्त ‘किती स्टार’ ते पाहतात. शिवाय अलीकडे एका प्रसिद्धी करणाऱ्याने चांगले लिहिण्यासाठी पैसे देऊ केले. काय करावे?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : आकड्याचा मोह जुनाच आहे, आणि आकडा फसवाही असतो. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची टक्केवारी पाहा. ती चित्रपट किती चांगला आहे हे सांगत नाही. किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच सांगते. सगळ्यांनाच ‘बरा आहे, एकदा पाहावा’ असे वाटले, तरी ती १०० भरू शकते. तेव्हा स्टार द्यायचेच असतील, तर ते लेखाच्या तळाशी द्या, म्हणजे खाली जाता जाता वाचकाची नजर दोन ओळींवर तरी पडेल.

पैशांबाबत फार विचार करण्याजोगे काही नाही. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या असून, मोबदला घेऊन केलेला मजकूर जाहिरात आहे हे वाचकाला सहज दिसेल अशा ठिकाणी सांगणे त्यांत अपेक्षित आहे. प्रदर्शनापूर्वीचा खेळ फुकट पाहिला असेल, तर तेही एका ओळीत सांगून टाकावे. त्यात कमीपणा नाही. पैसे मात्र घेतलेत, तर ‘जाहिरात’ हा शब्द पहिल्याच ओळीत घाला आणि शीर्षकातून ‘समीक्षा’ हा शब्द काढा.