पट्टी म्हणते पाणी चांगलं, मग डाळ काऊन शिजत नाही?

प्रश्न: भाऊ, आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ किती शिट्ट्या द्या, दाणा कच्चाच राह्यते. साबणाले फेस नाही, गुंडाच्या आतून पांढरा थर. पोरानं शाळेतून पीएचची पट्टी आणली, तिचा रंग साडेसातवर आला. तो म्हणते पाणी एकदम बराबर आहे. मंग डाळ काऊन शिजत नाही?
*(एक ताई, यवतमाळ जिल्हा)*

उत्तर: ताई, पट्टी खोटी नाही बोलली. पण तिला एकच गोष्ट कळते, पाणी आंबटाकडं झुकलंय की सोड्याकडं. त्यात काय काय विरघळलंय हे तिला दिसतच नाही. पोराला सांगा, ग्लासभर पाण्यात दोन चमचे मीठ टाक आणि पट्टी बुडव, रंग जवळपास तोच येईल, पाणी मात्र तोंडात धरवणार नाही.

पाण्याचा रेणू वाकडा असतो, ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन, म्हणून मिठातला सोडियम एकीकडून ओढला जातो आणि क्लोराईड दुसरीकडून, आणि खडा सुटा होतो. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं, साखर तर २०० च्या आसपास. तेलात असे भार नाहीत, म्हणून सावजी रश्श्यावर तर्री वरच राहते.

आता तुमचं बोअर. पाऊस पडतो तेव्हाच त्याचा पीएच ५.६ च्या जवळ असतो, हवेतला कार्बन डायऑक्साईड त्यात विरघळून ते किंचित आंबट होतं. मातीतून झिरपताना हा वायू अजून मिळतो, आणि हे आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम खात खात खाली जातं. त्यात आंबटपणा खर्ची पडतो. म्हणजे बोअरमधून वर येईस्तोवर पीएच साडेसात, आणि पोटात कॅल्शियम भरलेलं. पट्टीवरचा चांगला आकडा आणि कच्ची डाळ दोन्ही त्याच्यातूनच आलं बघा!

डाळीच्या पेशी पेक्टिननं चिकटलेल्या असतात, कॅल्शियम त्याला अजून घट्ट धरतं. साबणाशी भेटलं की चिकट साका होतो, फेस जातो. उकळलं की बायकार्बोनेट (त्या वायूपासून पाण्यात तयार झालेला क्षार) फुटतं, वायू उडून जातो आणि गुंडाला पांढरा थर बसतो. त्या थरावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील, तोच वायू परत निघतोय. स्वयंपाकाला पाणी उकळून, थंड करून वरचं वरचं घ्या, डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाका (जास्त नको, चव बिघडते). उकळूनही फरक पडला नाही तर कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भार) सल्फेट-क्लोराईडचा आहे, तो उकळून जात नाही.

आणि प्यायच्या पाण्याची एकदा लॅबमधून तपासणी कराच. भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. फ्लोराईड १, फार तर १.५. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरला फ्लोराईड निघालेलं आहे, त्याला वास नाही चव नाही, पीएचवर दिसत नाही, आणि उकळलं तर उलट दाट होतं.

प्रश्न: अल्कलाईन (सोड्याकडं झुकलेल्या) पाण्याची मशीन घ्यावी का? विकणारा म्हणते पोटातलं आम्ल मारते.
*(वर्धा)*

उत्तर: पोटातलं आम्ल पीएच दीड-दोनचं असतं, अन्न पचवायलाच ते आहे. ते मारून काय करता? पैसे ठेवा.

प्रश्न: कृषी केंद्रवाला म्हणते फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.५ आहे, ५.५ वर आणा, सायट्रिक अ‍ॅसिड टाका. तीनच आकड्यांचा तर फरक, एवढ्यानं काय होते?
*(अकोला जिल्हा, खारपाणपट्टा)*

उत्तर: दादा, हे आकडे गुणाकारानं चालतात. डेन्मार्कच्या सोरेन्सननं १९०९ मधे ही मोजणी काढली, एक आकडा खाली म्हणजे हायड्रोजन आयन, आंबटपणा आणणारे कण, दहापट. तीन आकडे म्हणजे हजारपट. आपलं लोणार सरोवर दहाच्या आसपास आहे, सातपासून (ना आंबट ना सोड्याचं) तेही तीनच घरं.

काही कीटकनाशकं, खासकरून ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली, अल्कलीच्या पाण्यात लवकर फुटतात, तेवढ्यापुरतं कृषी केंद्रवाल्याचं बरोबर. पण शेजाऱ्याचं चमच्याचं माप उचलू नका, दोन बोअरचा सामू सारखा ८.५ असला तरी ज्यात बायकार्बोनेट जास्त त्याला अ‍ॅसिड जास्त लागतं, म्हणून बादलीत थोडं थोडं टाकून, ढवळून, पट्टीवर बघत जा. सगळ्या औषधांना हे चालतही नाही. तांब्याचं बुरशीनाशक आंबट पाण्यात कालवलं तर तांबं जास्त सुटतं आणि पऱ्हाटीची पानं करपतात, सल्फोनिल युरिया गटातली तणनाशकं तर आंबटातच लवकर फुटतात. ग्लायफोसेटला कॅल्शियम धरून बसतं, तिथं नुसता सामू बघून भागत नाही. डब्यावरचं लेबल वाचा, आणि कालवलेलं औषध रातभर पंपात ठेवू नका.